ईएमडीआर की सीपीटी: आघातोपचाराचं कुठलं प्रशिक्षण आधी घ्यावं?

पैसे एकाच प्रशिक्षणापुरते असले की थेरपिस्टसमोर हा पेच येतोच. पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, ईएमडीआर (आघाताची आठवण मनात ठेवून डोळ्यांच्या हालचालींसह होणारा उपचार) आणि सीपीटी (आघाताबद्दलचे विचार तपासून बघायला शिकवणारा उपचार) या दोन्ही पद्धतींमागे भक्कम पुरावा आहे, त्यामुळे जाहिरातीतले ‘जलद परिणामां’चे दावे बाजूला ठेवा.

वेळेचं गणित असं. ईएमडीआरच्या अमेरिकन मानकानुसार मूलभूत प्रशिक्षण ५० तासांचं: २० तास अध्यापन, २० तास देखरेखीखाली सराव, १० तास केसवर सल्लामसलत. सीपीटीची कार्यशाळा दोन-तीन दिवसांत आटोपते, पण हात बसतो तो नंतरच्या काही महिन्यांच्या सल्लामसलतीत. ती वगळणारा कोर्स स्वस्त असला तरी घेऊ नका.

चुका कुठे होतात, हे जास्त महत्त्वाचं. ईएमडीआरच्या आठ टप्प्यांपैकी दुसरा, म्हणजे पूर्वतयारीचा, नवखे थेरपिस्ट उरकून टाकतात आणि थेट डोळ्यांच्या हालचालींवर येतात. रुग्णाला स्वतःला सावरण्याचं तंत्र शिकवलेलं नसेल, तर तो आठवणीत वाहून जातो. सीपीटीत चूक वेगळी: ‘चूक माझीच होती’ या अडकलेल्या विचारावर प्रश्न विचारत राहण्याऐवजी थेरपिस्ट समजूत घालू लागतो. मग रुग्ण मान डोलावतो, विचार मात्र जागच्या जागी.

सीपीटीत साधारण १२ सत्रं आणि दर आठवड्याला लेखी गृहपाठ. मराठी रुग्णांसाठी या गृहपाठाचे तक्ते सोप्या मराठीत हवेतच.

संस्थेत ठरावीक सत्रांत काम करणाऱ्यांनी, सीबीटीचा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा) पाया असणाऱ्यांनी सीपीटी घ्यावं. लिहायला-वाचायला अडखळणारे, किंवा घटना तपशिलात सांगू न शकणारे रुग्ण जास्त असतील तर ईएमडीआर.