आठ महिने झाले, आजारी कोंबड्यांसाठी डालगं आणि गोणपाट वापरतेय - माझा अनुभव

जूनमध्ये आठवडा बाजारातून 280 रुपयांना बांबूचं मोठं डालगं आणलं, खरं म्हणजे पिल्लं झाकायला आणलेलं, पण तेव्हापासून आमच्याकडं तोच कोंबड्यांचा दवाखाना झालाय. 14 कोंबड्या आहेत, गावरान जास्त आणि चार कावेरी (ही सुधारित जात), दिवसभर परसात मोकळ्या असतात. आत्तापर्यंत सहा जणींना त्यात ठेवलं, पाच बऱ्या झाल्या, एक गेली. ती का गेली तेपण सांगणारे कारण चूक माझी होती.

आधी आम्ही काय करायचो, कोंबडी मलूल दिसली की दोघं-तिघं तिच्या मागं अंगणभर पळायचो, सापडली की पाय धरून उलटी करायची, चोच उघडायची आणि चमच्याने औषध ओतायचं. सगळे असंच करतात म्हणून आम्हीपण. नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोटाच्या मधला पडदा नसतो, श्वास घ्यायला तिचं छातीचं हाड खालीवर हलावं लागतं, म्हणून उलटी धरली किंवा छाती दाबून धरली की तिला दमच घेता येत नाही. आजारी जीव, आधीच अशक्त, त्यात ही पळापळ. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

आता दिवेलागणीनंतर खुराड्यात सगळ्या बसल्या की जाते. अंधारात कोंबडीला फार दिसत नाही, हलत नाहीत, पळायचा प्रश्नच नाही. दोन्ही हातांनी पंखांवरून उचलायची, बगलेत घ्यायची आणि डोक्यावर पदर नाहीतर जुना टॉवेल टाकायचा, नाक मात्र मोकळं ठेवायचं. एका मिनिटात अंग सैल सोडते. मग डालग्याखाली ठेवून तीन बाजूंनी गोणपाट आणि चौथी बाजू उघडी, तिकडून वारा येतो आणि बाकीच्यांचा आवाजपण ऐकू येतो. एकदा एकीला लांब गोठ्यात ठेवलेलं तर दिवसभर ओरडत राहिली, दाणा शिवला नाही. आता जखम असेल तर कळपाजवळच, आणि सर्दी किंवा हगवण असेल तर पडवीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याचं भांडं वेगळं, आणि तिचं सगळं शेवटी करायचं, मग हात साबणाने धुवायचे.

सगळ्यात मोठा फायदा मला वाटतो तो खाली अंथरलेल्या पेपरचा. कोंबडी आजार लपवते, मोकळी असली की ती काय खाते काय हगते काहीच कळत नाही, डालग्यात सकाळी पेपर बघितला की सगळं समजतं. ऑगस्टमध्ये दोन तलंगांच्या, म्हणजे तरुण कोंबड्यांच्या, विष्ठेत रक्त तिथंच दिसलं. रक्ती हगवण, पावसात ओल्या भुशात होतेच. डॉक्टरांनी अँप्रोलियम पाण्यातून दिलं, आणि मी आपली ताकद यावी म्हणून बी कॉम्प्लेक्सपण घालत होते, ते त्यांनी लगेच बंद करायला लावलं, कारण अँप्रोलियम त्या जंतूंना बी वन जीवनसत्त्व मिळू देत नाही म्हणूनच काम करतं आणि आपण वरून तेच पुरवलं तर औषधाचा जोर जातो. दोघी वाचल्या.

गेली ती त्याच महिन्यातली. सर्दी झालेली, मी घाईत चोच उघडून 5 मिली औषध एकदम आत सोडलं. घरघर सुरू झाली आणि पहाटे गेली. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागं असतं, औषध थेट तिथं उतरतं. आता बिनसुईची 2 मिलीची सिरिंज, चोचीच्या कडेला एक थेंब, ती गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. दहा मिनिटं लागतात, लागू देत.

दिवाळीच्या सुमारास एकीला देवी आल्या, तुऱ्यावर खपल्या, एक डोळा चिकटलेला. कोमट मिठाच्या पाण्याने डोळा पुसत राहिलो, खपल्या काढल्या नाहीत, आणि डास हा रोग पसरवतात म्हणून डालग्यावर मच्छरदाणी टाकली. तीन आठवड्यांत बरी.

अजून एक, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला आजारी समजू नका. तीपण फुगून बसते, फार खात नाही, पण हात लावला की गुरगुरते. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हे ओळखलं नाहीतर मी तिलापण औषध पाजणार होते.

डालग्याचे तोटे आहेत. बांबूच्या विणीत गोचीड लपतात, प्रत्येक पेशंटनंतर उकळतं पाणी ओतून दोन दिवस कडक उन्हात टाकावं लागतं आणि पावसाळ्यात ऊनच नसतं, तेव्हा बुरशी धरली. वजनाला हलकं, मुंगूस उचलू शकतं, रात्री वर मोठा दगड ठेवाच. टोमॅटोचं कॅरेट उलटं घालूनपण बघितलं, धुवायला सोपं पण उंची कमी आणि कोंबडी फटीतून मान घालत बसते, नाही आवडलं.

आणि मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, यातलं काहीच चालत नाही. मान वाकडी, हिरवी हगवण, एका मागोमाग एक पडायला लागल्या तर औषध नाहीये, लसच. पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लासोटा लसीचा डोळ्यात थेंब, आठव्या आठवड्यात आर टू बी लस. बाटली 100 डोसची येते म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून आणतो, थर्मासमध्ये बर्फ घालून, आणि कालवली की लगेच संपवतो. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, तीन-चार अचानक मेल्या तर हात लावायचा नाही, डालगंबिलगं काही नाही, सरळ 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन.

त्या सहा सोडून आत्ता आत पाय सुजलेली एक कावेरी आहे, आठवा दिवस. आज सकाळी उभी राहून कणी खाल्ली, अंडंपण दिलं, पण अँटिबायोटिक चालू आहे म्हणून ते खड्ड्यात पुरलं. पुढच्या बाजारात अजून एक डालगं घेणारे, थोडं उंच, कारण कोंबडा यात ताठ उभा राहू शकत नाही.