‘सब लग जाएगा’ म्हणाला, आणि मी ऐकलं

रत्नागिरीत लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करतो. सीझन तोंडावर आला आणि जुन्या पीसीने मान टाकली. कोकणकन्येने रात्री निघालो, सकाळी दादरला गाडी बदलली आणि दुकानं उघडायच्या आतच लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात हजर झालो. पिशवीत जुन्या कॅबिनेटचे रंगीत दिव्यांचे तीन फॅन होते. चांगले चालणारे फॅन टाकायचे कशाला, हा आमचा कोकणी हिशोब.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पण बोलणं गोड. आय५-१२४०० प्रोसेसर, एच६१० चा मदरबोर्ड, रॅम आणि पुढे दोन रंगीत फॅन असलेलं नवं कॅबिनेट असं ठरलं. फॅन दाखवल्यावर म्हणाला, “टेन्शन मत लो काका, सब लग जाएगा.” मग प्रोसेसरच्या खोक्यातला कूलर काढून काउंटरखाली ठेवला. “हा छोटा आहे, व्हिडिओच्या कामाला लिक्विड घ्या, नवा माल आहे, साडेपाच हजार.” लिक्विड म्हणजे पंपाने नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. त्याच्या खोक्यावर नव्या सॉकेटला, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला, चालतो असा स्टिकर होता. स्टिकर खोक्यापेक्षा चकचकीत होता, हे मला घरी आल्यावर सुचलं.

आता लायटिंगची गंमत. माझे जुने फॅन १२ व्होल्टचे, त्यांच्या प्लगला ४ भोकं. त्यांत सगळे दिवे एका वेळी एकच रंग दाखवतात. नव्या कॅबिनेटचे फॅन ५ व्होल्टचे, ३ भोकांचे, त्यात प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम जातो. दोन्ही प्लग दिसायला सख्खे भाऊ, पण एकमेकांच्या घरी जेवायला गेले तर धाकटा मरतो. बोर्डावर फक्त १२ व्होल्टची जागा होती. दुकानदाराने साडेतीनशे रुपयांचा ‘कन्व्हर्टर’ लावला. चालू केल्यावर माझे जुने फॅन उजळले, नवे अंधारात. “ते सॉफ्टवेअर टाकल्यावर लागतील, घरी जाऊन टाका.” टाकलं. लागले नाहीत, कारण तोपर्यंत ते जळून गेलेले होते. तो कन्व्हर्टर म्हणजे एक वायर दोन फाट्यांत वाटणारा साधा तुकडा. एका फाट्याची तिसरी पिन पक्कडीने तोडलेली होती, म्हणजे ३ भोकांचा प्लग त्यावर बसावा. खऱ्या कन्व्हर्टरमध्ये चिप असते. यात तांब्याची तार आणि निर्लज्जपणा, एवढंच.

त्याहून वाईट कूलरचं. पहिल्याच संगीताच्या व्हिडिओचं रेंडर, म्हणजे शेवटची पक्की फाइल बनवायचं काम, लावलं आणि प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन रांगायला लागला. पंपातून गुळगुळ आवाज येत होता, हुक्का ओढल्यासारखा. उघडून पाहिलं तर पंप बोर्डाला आवळणाऱ्या पट्टीची भोकं कानशीने लांबट केलेली, आणि एका बाजूने पंपाचा तळ प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. अल्बम कापायची स्टीलची मोजपट्टी हाताशी होती. बोर्डावरच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर भरलं. कूलरची पट्टी मुळात ७५ ची, म्हणजे इंटेलच्या आधीच्या सॉकेटांची. शिवाय नवं सॉकेट उंचीनेही थोडं कमी आहे, त्यामुळे जुनी पट्टी कशीबशी अडकवली तरी दाब येत नाही.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना पंपावरचा नंबर कळवला. उत्तर आलं की हा २०१९ चा माल, वॉरंटी संपली. हे नवं सॉकेट बाजारात आलं २०२१ च्या नोव्हेंबरात. सॉकेटच्या जन्माआधीच्या खोक्यात त्या सॉकेटची पट्टी मूळची असणार कशी? खोक्यावरचा नंबर आणि पंपावरचा नंबरही जुळत नव्हते. नळ्यांतलं पाणी वर्षानुवर्षं किंचित किंचित उडत राहतं आणि आत हवा शिरते, तीच ती गुळगुळ.

फोन केला. आधी “काका, रेंडर कमी करा.” मग “तुम्हीच उघडलंत ना? फिजिकल डॅमेज.” मग फोन उचलणंच बंद.

खरी गोची माझ्या हातातल्या कागदाची. त्यावर ‘एस्टिमेट’ लिहिलंय, जीएसटी नंबर नाही, एकाही सुट्या भागाचा नंबर नाही. १८ टक्के वाचतील म्हणून रोख मोजले ते मीच, तेव्हा तोंड वर करून सांगण्यासारखं नाही. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण मी त्याच दुकानातून घेतलं हे दाखवायला माझ्याकडे तो कागद आणि खोक्याचे दोन फोटो, एवढंच आहे. महिना झाला, दुकानाकडून उत्तर नाही.

कुणी बोर्ड घ्यायला निघालाच तर काउंटरवरच त्यावरची लायटिंगची जागा बघा, शेजारी ५ व्होल्ट छापलंय की १२. आणि लिक्विड कूलर घेताना खोकं उघडून पंपावरचा नंबर बिलावर लिहून घ्या. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर पुढचं दुकान चार पावलांवर आहे.

सीझन थांबत नाही, म्हणून इथल्याच एका रिपेअरवाल्याकडून साधा कूलर घेतला, आठशे रुपये. प्रोसेसरच्या खोक्यातून निघालेला, न वापरलेला. १०० अंश पुन्हा दिसले नाहीत. कुठून आणता विचारलं तर म्हणाला, “मुंबईहून. तिकडचे दुकानदार काढून ठेवतात ना, ते.”