नाशिक ते बेंगळुरू, संसार गाडीत घालून: पुण्यावरून की सोलापूरवरून?

नोकरी बदलली, बेंगळुरूला घर मिळालं, कपाट-फ्रिज ट्रकने पुढे गेलं. उरलेलं सगळं आपल्या गाडीत आणि सोबतीला एक मित्र. अशा वेळी पहिला वाद रस्त्याचाच होतो. मी जाताना पुण्यावरून गेलो, डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला सोलापूरवरून आलो. अंतर दोन्हीकडून हजार-साडेदहाशे किलोमीटर भरतं, त्यामुळे त्यावर डोकं लावण्यात अर्थ नाही.

पुण्याच्या रस्त्यावर खरी परीक्षा चाकणची. ते सकाळी सातच्या आत मागे पडलं तर ठीक, नाहीतर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर यांच्यात दिवस तिथेच सुरू होतो. म्हणजे द्वारका चौकातून तीनला निघायला हवं. आम्ही तीनचे पाच केले. आईने हातावर दही ठेवलं, मग तुळशीची कुंडी कुठे ठेवायची यावर अर्धा तास गेला. शेवटी ती मित्राच्या दोन पायांच्या मधे आली. मागच्या काचेला गादी टेकलेली, त्यामुळे मधला आरसा असून नसल्यासारखा. (गाडी अशी भरणार असाल तर टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा भरून घ्या, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो.) पुढे खंबाटकी. साताऱ्याकडे जाताना घाट चढावाच लागला, जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांना. एसी बंद करून, ट्रकच्या मागे, दुसऱ्या गिअरवर. सातारा ते कागल सहापदरीकरणामुळे रस्ता सारखा इकडून तिकडे वळवलेला होता. निपाणीनंतर जरा जीव भांड्यात पडला.

पण या रस्त्याची जमेची बाजू मोठी आहे. मुक्काम बेळगावला पडतो, बरोबर निम्म्यावर, आणि तिथे मराठीत भांडून खोली मिळते. रात्री गाडीत काही बिघडलं तरी जवळ कुठलं ना कुठलं गाव असतं. दुसऱ्या दिवशी हुबळीवरून दावणगिरीत लोण्याचा डोसा, मग चित्रदुर्ग.

सोलापूरच्या रस्त्याचंही तसंच. त्रास सगळा महाराष्ट्रात. सिन्नर-शिर्डी चांगलं, पण पुढे कोल्हार-राहुरी-नगर हा पट्टा खड्ड्यांसाठी आधीच बदनाम. त्यात गाळपाचा हंगाम. नगर ते टेंभुर्णी अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर येते तेव्हा आधी ऊस दिसत नाही, रस्त्यावर पडलेली चिपाडं दिसतात. तेवढी खूण ओळखायला शिका. हा टप्पा उजेडातच उरका.

सोलापूर ओलांडलं की मात्र राज्य बदलल्यासारखा रस्ता बदलतो, आणि खरंच बदलतं. विजापूर, मग आलमट्टीचा परिसर, इलकल, होस्पेट, चित्रदुर्ग. चौपदरी, सरळ, गर्दी कमी. विजापूरला मुक्काम केलात तर सकाळी गोलघुमट पाहून निघता येतं. इलकल म्हणजे आपलं इरकल. बहिणीसाठी साडी घ्यायला थांबलो, तासाभराचे दोन तास झाले, तक्रार नाही. हंपी होस्पेटपासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे, पण सामानाने भरलेली गाडी पार्किंगमध्ये सोडून तीन तास देवळं बघत फिरण्याची हिंमत माझ्यात नाही. मोकळ्या गाडीने या.

चित्रदुर्गनंतर दोन्ही रस्ते एकच. तुमकूर-नेलमंगला संध्याकाळी गाठू नका.

माझं मत विचाराल तर दोघंही चालवणारे असतील आणि महिना एप्रिल-मे असेल, तर सोलापूर. गाडी चालवणारे तुम्ही एकटेच आणि मित्र गप्पा मारायला, तर पुणे. पावसाळ्यातही पुणेच म्हणेन, राहुरीचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

मित्राच्या परतीचं तिकीट आधीच काढा. कर्नाटक एक्स्प्रेस नाशिक रोडला येत नाही, मनमाडला उतरावं लागतं. आणि एमएच-१५ ची गाडी वर्षभराहून जास्त तिकडेच राहणार असेल तर नव्याने नोंदणी लागते. त्यासाठी नाशिक आरटीओची एनओसी हवी. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची. निघण्याआधीच बँकेत अर्ज टाका. मी टाकला नव्हता, त्यामुळे बहिणीच्या हळदीच्या सकाळी मी बँकेत रांगेत उभा होतो.