गंध शिकण्यासाठी सॉव्हिन्यॉन ब्लाँ की शेनिन ब्लाँ?

वाइनचे गंध ओळखायला शिकताना सुरुवात सॉव्हिन्यॉन ब्लाँने करावी की शेनिन ब्लाँने, असा प्रश्न अनेकांना पडतो. पांढऱ्या वाइनची ही दोन्ही द्राक्षे फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात नावारूपाला आली आणि आता नाशिक परिसरातही पिकतात. बाटलीमागचा मजकूर मात्र तुलनेपुरता बाजूला ठेवावा.

गंध चटकन ओळखू येण्यात सॉव्हिन्यॉन सरस आहे. तिच्यातील पायरॅझिन संयुगे लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला जाणवतात; तीच ढोबळ्या मिरचीतही असल्याने, नुकतीच चिरलेली मिरची हुंगून लगेच पेला नाकाशी नेला की साम्य पटते. द्राक्ष फार पिकले, तर हा हिरवा गंध ओसरतो. शेनिन तुलनेने अबोल आहे. आधी सफरचंद, नासपती एवढेच जाणवते, आणि वाइन अगदी थंडगार असेल तर तेही धड नाही. पेला जरा कोमट होऊ दिल्यावर मधाची छटा वर येते.

चवीत दोघींचा आंबटपणा ठसठशीत असतो. सॉव्हिन्यॉन बहुधा कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, असते, तर लुआरमधल्या व्हूव्रे गावची शेनिन कोरडीपासून गोडपर्यंत मिळते, त्यामुळे गोडीखाली आंबटपणा कसा दबतो हे तिथेच नीट कळते. टिकण्यातही उत्तम व्हूव्रे पुढे, कारण ती दशके मुरते.

ज्यांना गंधांची नावे पक्की करायची आहेत त्यांनी सॉव्हिन्यॉन घ्यावी. ज्यांना गोडी-आंबटाचा तोल आणि मुरण्यातील बदल अभ्यासायचे आहेत त्यांच्यासाठी शेनिनच योग्य.