समतेचं प्रशिक्षण ऑफिसात ठेवावं का? दोन संस्थांचा आमचा अनुभव

लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत मी ॲडमिन बघते. पाणी, चहा, खुर्च्या, हाउसकीपिंगचा कंत्राटदार, सगळं माझ्याकडे. गेल्या दोन वर्षांत भेदभाव या विषयावरचं प्रशिक्षण आमच्याकडे दोनदा झालं, दोन वेगळ्या संस्थांकडून, आणि दोन्ही वेळा बुकिंग मीच केलं. करारामुळे नावं लिहिता येत नाहीत. पण इतर कंपन्यांतल्या मैत्रिणी सारख्या विचारतात की हे ठेवावं का आणि काय बघून ठेवावं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या संस्थेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हॉटेलचा हॉल, बुफे, आणि दिवसभर स्लाइड. उदाहरणं सगळी अमेरिकेतली. त्यातलं एक मला आजही आठवतं: बोस्टन आणि शिकागोमध्ये एकसारखे अर्ज फक्त नावं बदलून पाठवले, तर गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. २००४ साली हा अभ्यास छापून आला. आमच्या अकाउंट्समधल्या एका मुलाने लगेच विचारलं, "सर, आपल्याकडे आडनावावरून हेच होतं ना?" उत्तर आलं, "तो विषय सेन्सिटिव्ह आहे, आज नको." मुलगा खाली बसला. त्या बिलावर सही करताना माझ्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या खेपेला दोघंच आले, एक ताई आणि एक दादा. हॉल नकोच म्हणाले, तुमच्या पॅन्ट्रीत बसू. त्यांची एक अट होती: हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीची माणसंही बसणार, आणि त्या वेळेचा त्यांचा पगार कापायचा नाही. कंत्राटदाराशी तीन दिवस फोनवर वाद घातला तेव्हा कुठे तो कबूल झाला. दोन अर्धे दिवस, बत्तीस माणसं, सगळं मराठी-हिंदीत.

सुरुवात एका चिठ्ठीने झाली. "तुमचं आडनाव तुम्हाला पहिल्यांदा कधी जड झालं किंवा उपयोगी पडलं?" नाव लिहायचं नाही, वाचून दाखवायची सक्ती नाही. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. चौथीत असताना बाई शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "मागासवर्गीयांनी उभं राहा." आम्ही सात जण उभे राहिलो. त्यानंतर शेजारच्या बाकावरच्या मुलीने माझ्या डब्यातलं खाणं सोडलं. हे मी आजवर माझ्या नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं, त्या चिठ्ठीवर लिहिलं.

मग दादांनी सहा बायोडेटा वाटले, आडनावावर कागदाची पट्टी चिकटवलेली. मुलाखतीला तिघांना निवडा म्हणाले. नंतर तेच सहा बायोडेटा आडनावांसकट दुसऱ्या गटाला दिले. निवड बदलली. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहिल्या, कोणालाही दोष दिला नाही. त्यावर त्यांनी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास सांगितला: वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज, फरक फक्त नावाचा, आणि दलित व मुस्लिम नावांना बोलावणी कमी. वर्षभरापूर्वी खाली बसवलेल्या त्या मुलाचा प्रश्न होता तोच. तो पुढे सरकून बसला होता.

आमचे एक मॅनेजर म्हणाले की हे सगळं अमेरिकेचं खूळ आपल्याकडे आणलंय. ताईंनी शांतपणे सांगितलं की जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. हा धागा दीडशे वर्षं जुना आहे आणि तो इथल्याच माणसाने बांधलाय.

आता जे मला खरं लागलं ते. चहाच्या वेळी ताईंनी सिंकखालचं कपाट उघडलं. आत पिशवीत गुंडाळलेले स्टीलचे सहा ग्लास होते, एकाची कड चेपलेली. वर ओट्यावर कंपनीचं चिन्ह छापलेले पांढरे मग. "हे ग्लास कोणाचे?" कोणी बोललं नाही. मला माहीत होतं, खरेदीची यादी माझी होती: मग चाळीस, स्टील ग्लास सहा. हाउसकीपिंगने मग वापरू नयेत असा आदेश कोणी कधी काढला नव्हता. आधीच्या यादीत तसं होतं, मी तसंच पुढे चालू ठेवलं. मी, बीडीडी चाळीतली. चार वर्षं.

ताईंनी तिथेच उभ्याने दोन गोष्टी सांगितल्या. १९१८ साली बाबासाहेब याच मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यावर हरकत घेतली, भांडं एकच होतं म्हणून. दुसरी गोष्ट गिरण्यांची. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे. उष्टं चालत नाही म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. माझे आजोबा गिरणीत जन्मभर सूत कातायच्या रिंग खात्यात राहिले. विणाईत का गेले नाहीत हे मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ज्या जमिनीवर त्या खात्यांचे सांगाडे होते तिथेच आता आमची पॅन्ट्री आहे. मला तिथून उठून जिन्यात जाऊन बसावं लागलं. प्रशिक्षणाने रडवलं म्हणून ते चांगलं असं मी म्हणत नाही. पण पहिल्या संस्थेला दिवसभरात जे सापडलं नाही ते यांनी एक कपाट उघडून दाखवलं.

कायद्याचा भाग उत्तम होता. घटनेचं कलम १५ दुकानं, उपाहारगृहं, विहिरी यांचं नाव घेऊन बोलतं, आणि त्यात जातीबरोबर 'वंश' हाही शब्द आहे, कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा कुठे लागतो, हे सगळं उदाहरणांसह. त्यात एक गोष्ट मला नवीन होती. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती सक्तीची आहे, पण जातीवरून कोणी टोमणे मारले तर खाजगी कंपनीत तशी सक्तीची समिती नाही. कंपनीला स्वतःहून नियम करावा लागतो. आम्ही तो केला, तक्रार कोणाकडे करायची त्या दोघींची नावं पॅन्ट्रीत लावली.

उणिवाही सांगते. दुसऱ्या दिवशी दादांनी हाउसकीपिंगच्या मामांना सगळ्या साहेबांसमोर विचारलं, "तुम्हाला इथे कसं वागवतात?" मामा हसले, "सगळे चांगले आहेत," म्हणाले आणि खाली बघत राहिले. ज्याची नोकरी कंत्राटावर आहे तो यापेक्षा वेगळं काय बोलणार? इतकी जाणती माणसं, त्यांनी हा प्रश्न तसा विचारायला नको होता. मी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

दुसरं म्हणजे मणिपूरहून आलेल्या आमच्या सहकारी मुलीच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली. कालिन्यात खोली शोधताना दलाल तिला तोंडावर 'चायनीज' म्हणाला होता, आणि आमच्याच ऑफिसात तिला लाडाने म्हणून 'मोमो' हाक मारली जायची. तोंडावरून, डोळ्यांवरून होणारा हा भेद जातीच्या चर्चेत दबून गेला. त्याला स्वतंत्र सत्र हवं. तिनेही मला हेच सांगितलं.

खर्च दोन्ही दिवसांचा मिळून पंचेचाळीस हजार, हॉटेलच्या बिलाच्या निम्म्याहून कमी. मुलीच्या शाळेतही, भांडुपला, पालकसभेत याच दोघांचं नाव मी सुचवलं. शिक्षकांसाठी दोन तासांचं सत्र झालं आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म आता वर्गात उभं न करता पाकिटातून घरी येतात.

कोणी बुक करणार असाल तर फोनवर आधी दोन गोष्टी विचारा: जात या विषयावर बोलाल का, आणि कंत्राटी माणसांना बसवाल का. दोन्हींना सरळ हो आलं तरच पुढे जा. आमचं पुढचं सत्र गणपतीनंतर आहे. कंत्राटी माणसांसाठी पहिला तास वेगळा, एकही साहेब नसलेला. ते स्टीलचे ग्लास मी भंगारात घातले आणि सहा मग जास्तीचे मागवले. मामा अजून स्वतःच्या घरून आणलेल्या कपातूनच चहा पितात.