रोलंड एसपीडी-३०: दोन वर्षं स्टेजवर वाजवल्यावर सांगतो

ऑर्केस्ट्रातली नवीन पोरं सारखी विचारून राहिली की दादा, एसपीडी-३० (काड्यांनी वाजवायचं, आठ रबरी पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) जुना मिळून राहिला, घेऊ का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी मूळचा ढोलकीवाला. नागपुरात रेशीमबागच्या भट सभागृहातला प्रोग्राम असो नाहीतर वर्धा रोडच्या लॉनवरचं लग्न, दोन वर्षांपासून माझ्यासोबत हाच पॅड आहे.

आधी एक बघा, ऑक्टापॅड हे नाव रोलंडच्या १९८५ च्या पॅड-८ पासूनचं, पण आपल्याकडे कोणताही पॅड ऑक्टापॅड म्हणूनच विकतात, तर मॉडेल नंबर वाचा. एसपीडी-२० पण दणकट अन् लय चालतो पण त्याच्यात लूप, म्हणजे वाजवलेलं आपोआप फिरत ठेवायची सोय, नाही, ३० मधे आहे.

अन् हा लूप म्हणजे गरब्याला सोनं. ठेका वाजवला, तो फिरत राहिला, त्याच्यावर मंजिरी, मग टाळी, सगळं लोकांसमोर चढत जातं, त्यांना दिसतं की हा माणूस खरंच वाजवून राहिला. पेनड्राइव्हवर ट्रॅक लावून नुसत्या काड्या हलवल्या की समोरच्याला बरोबर कळतं.

पण भावगीताला लूप नको. मागच्या हिवाळ्यात एका कार्यक्रमात ताईंनी अंतऱ्याआधी आलाप जरा लांबवला, खूप सुंदर लांबवला, अन् माझा लूप आपल्याच लयीत चालत राहिला, ताई समेवर आल्या तोवर सम निघून गेली होती. त्यांनी फक्त मागे वळून पाहिलं. ढोलकी असती तर मी त्यांच्या श्वासाकडे बघत थांबलो असतो. तेव्हापासून भावगीत, लावणी सगळं हातानेच.

हाताने वाजवायलाच तर मजा आहे याच्यावर, काडी नुसती टेकवली तर आवाज तेवढाच हळू, दणका दिला तर तसा. फक्त कातडं जसं हाताला उत्तर देतं तसं रबर देत नाही, आपला जोर कानानेच ओळखावा लागतो, म्हणून साउंडवाल्याशी गोड बोलून स्वतःच्या बाजूला मॉनिटर स्पीकर मागून घ्याच.

जुना बघायला जाल तर आपल्या काड्या अन् हेडफोन घेऊन जा. आठही पॅड मधे वाजवा, कडेला वाजवा, अन् अगदी हळू वाजवा. एक जरी पॅड हळू हाताला गप्प बसला तर कितीही स्वस्त देऊ दे, घेऊ नका.