हात आला, आवाज गेला : डीबीएसचे अकरा महिने

माझा रोग सगळ्यात आधी ओळखला तो दुकानातल्या काट्यानं. बारा वर्षांमागची गोष्ट. अर्ध्या किलो साखरेचा पुडा काट्यावर धरला की आकडा ठरायलाच तयार नाही. ४९८, ५०३, ४९६. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, काटा बिघडलाय बगा तुमचा." काटेवाल्याला बोलावलं. त्यानं स्वतःचं वजन ठेवलं, आकडा ढिम्म. मग त्यानं एकदा माझ्या हाताकडं बघितलं, पन्नास रुपये घेतले आणि काही न बोलता निघून गेला.

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. तेव्हा मी सेहेचाळीसचा होतो, आता अठ्ठावन्नचा. गेले अकरा महिने माझ्या डोक्यात दोन तारा आहेत आणि छातीत, गळ्याच्या हाडाच्या खालच्या बाजूला कातडीच्या आत, एक बॅटरी. यालाच डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात : बॅटरीतून तारांवाटे मेंदूत आतवर बारीक करंट देत राहायचा. आमचं सेलूला किराणा-भुसारचं दुकान. परभणी, मानवत, हिंगोलीकडून लोक फोन करतात, काही थेट दुकानात येऊन माझा शर्ट वर करून बघायला मागतात. सगळ्यांना तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

गोळ्यांबद्दल वाईट बोलणार नाही. सहा-सात वर्षं सिंडोपानं, म्हणजे लेव्होडोपा या औषधाच्या गोळीनं, मला माणसासारखं जगवलं. पुढं गोळीचा अंमल कमी-कमी होत गेला. शेवटी दिवसाला अकरा गोळ्या, दर दोन-अडीच तासाला एक. गोळी चढली की अंग आपोआप नाचायचं, मान डुलायची, आणि उतरली की गल्ल्यात घातलेला हात गल्ल्यातच राहायचा. बायको म्हणायची, "अहो, काय करायलात? गिऱ्हाईक थांबलंय की." मी तिच्याकडं नुसता बघत बसायचो. त्यात गोळी आणि प्रथिनं यांचं जमत नाही. लेव्होडोपा आणि डाळीतली प्रथिनं आतड्यातून रक्तात जायला एकाच दारात गर्दी करतात. तुरीचा धंदा करणारा माणूस मी, आणि दुपारचं वरण मला रात्रीवर ढकलावं लागलं.

मधे एका वैद्यांकडून कवचबीजाचं चूर्णही घेतलं. कवचबीज म्हणजे आपल्या बांधावरची खाजकुयली. तिच्या बियांत खरंच लेव्होडोपा असतो, त्यामुळं गुण आला. पण आधीच्या गोळ्या चालूच होत्या, आणि डॉक्टरांना मी सांगितलं नव्हतं. डोस दुप्पट झाला आणि मान थांबेना. चूक माझी.

डीबीएसला सगळेच पेशंट चालत नाहीत, हे आधी समजून घ्या. मुंबईला माझी परीक्षा घेतली. रात्रीपासून गोळ्या बंद, सकाळी लाकडासारखा झालेला मी, आणि समोर व्हिडिओ कॅमेरा. चाला, वळा, बोटं आपटा, मग मार्क. त्यानंतर नेहमीपेक्षा मोठा डोस देऊन तीच परीक्षा पुन्हा. निदान तीस टक्के फरक पडावा अशी अपेक्षा असते, माझा साठच्या आसपास आला. यातली गोम अशी की गोळीनं जे सुधारतं तेच करंटनं सुधारतं. फक्त कंपाला अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी करंटला देतो. गोळी चढलेली असतानाही ज्याचा तोल जातो, त्याचा तोल मशीन सावरत नाही. स्मरणशक्तीची आणि मनाचीही तपासणी झाली. आमच्या ओळखीतल्या एका काकांना याच टप्प्यावर नाही म्हणाले. घरचे रागावले, मला मात्र ते डॉक्टर प्रामाणिक वाटले.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. डोक्याला धातूची फ्रेम चार ठिकाणी पिळून बसवतात, तेवढं दुखतं. बाकी वेळ मी जागा होतो. मेंदूतला जो ठिपका गाठायचा असतो तो मसुराच्या दाण्यासारखा दोन्हीकडून फुगीर, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, आणि तार सव्वा मिलिमीटर जाडीची. सुई खाली जाताना पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकवतात. बराच वेळ नुसती खरखर, आणि मग अचानक सुपात तूर घोळल्यासारखा दाट आवाज सुरू झाला. डॉक्टर एकमेकांत म्हणाले, "आलं." मला मराठी महिने म्हणायला लावले. मी चैत्र-वैशाख करत होतो आणि एक जण माझं मनगट हलवून बघत होता. श्रावणाच्या सुमाराला ते मनगट सैल पडलं. ते मलाही कळलं. बरोबर सांगता येत नाही, पण कुणीतरी बारा वर्षांची गाठ सोडली असं वाटलं.

यात धोकाही आहे. मेंदूत रक्तस्राव शंभरात एक-दोघांना होऊ शकतो, आणि जखमेत जंतुसंसर्ग झाला तर कधीकधी सगळं सामान काढावं लागतं. सही करण्याआधी हे नीट विचारून घ्या.

आता खरा मुद्दा, जो मला आधी कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितला नाही. ऑपरेशन एका दिवसाचं, सेटिंग सहा महिन्यांचं. तारा घालताना त्या जागी जी सूज येते तिनंच पहिले आठ-दहा दिवस हात शांत राहतो. मी पेढे वाटून मोकळा झालो. सूज उतरली, कंप परत आला. बायकोचं तोंड बघवत नव्हतं. मशीन चालू केलं ते तीन आठवड्यांनी.

प्रत्येक तारेच्या टोकाला चार कड्या. कोणत्या कडीतून, किती करंट, सेकंदाला किती ठोके, प्रत्येक ठोका किती लांबीचा, हे सगळं डॉक्टर टॅबलेटवरून ठरवतात. माझे सेकंदाला १३० ठोके, एकेकाची लांबी ६० मायक्रोसेकंद. करंट थोडाथोडा वाढवत नेतात. मधेच गाल ओढला जातो, जीभ जड होते, हाताला मुंग्या येतात. मग मागं येतात आणि दुसरी कडी धरतात. हे जास्त ठोक्यांचं तंत्र फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहरात बेनाबिद नावाच्या सर्जननी १९८७ मध्ये सुरू केलं. त्याआधी मेंदूतला तो भाग जाळून टाकत, आणि जाळलेलं परत येत नाही. करंट कमीजास्त करता येतो, हीच याची खरी कमाई.

पण तो कमीजास्त करणारा माणूस मुंबईत बसतो. देवगिरीनं रात्रभर जायचं, सकाळी गोळ्या न घेता आखडलेल्या अंगानं दवाखाना गाठायचा, वीस मिनिटांचं प्रोग्रामिंग, आणि रात्री परत गाडी. अशा सात खेपा झाल्या. शिवाय नव्या सेटिंगचा परिणाम कधी लगेच दिसतो, तर कधी चार-पाच दिवसांनी, म्हणजे मी सेलूत पोचल्यावर. एकदा परतूरजवळ गाडीतच पाय आपोआप उडायला लागला, तो घरी येईपर्यंत. मशीन घेताना हमी किती वर्षांची ते सगळे विचारतात. तुमच्यापासून किती तासांवर प्रोग्रामिंग करणारा माणूस आहे, ते आधी विचारा.

आता फरक. गोळ्या अकराच्या पाच झाल्या. ऑफचे, म्हणजे गोळी उतरून अंग आखडलेले, तास दिवसाला पाच-सहा होते, आता जेमतेम एक. मान डुलत नाही. पुडा बांधतो, दोऱ्याला गाठ मारतो, काट्यावर आकडा ठरतो. वजन मात्र सात किलोनं वाढलं. बऱ्याच जणांचं वाढतं म्हणतात. माझ्याबाबतीत यात दुपारी परत आलेल्या वरणाचाही हात असावा.

आणि आवाज गेला. पूर्ण नाही, पण दुकानाच्या फळीवरून गोडाऊनमधल्या पोराला हाक मारायचो तो आवाज गेला. शब्द एकात एक घुसतात. गिऱ्हाईक म्हणतं, "काय म्हणलात?" आणि दुसऱ्यांदा विचारायला लाजून "बरं बरं" म्हणून निघून जातं. रोगानंही आवाज बसतो, करंटनंही बसतो. दोघांचा वाटा किती, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. स्पीच थेरपीच्या मॅडम ऑनलाइन शिकवतात. रोज सकाळी गोडाऊनमध्ये पोत्यांपुढं उभा राहून मी मोठ्यानं पाढे म्हणतो. हमाल आधी हसायचे, आता एकोणतीसचा पाढा चुकला तर दुरुस्त करतात.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. खांदा आखडला म्हणून एका फिजिओथेरपी सेंटरला गेलो, तर पोरगा मशीनचा शेक लावायच्या तयारीत. डायथर्मीचा शेक अशा पेशंटला अजिबात चालत नाही. ती ऊर्जा तारेतून टोकाला जाऊन मेंदूत भाजू शकतं. मी खिशातलं डीबीएसचं कार्ड काढून दाखवलं, त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे पेसमेकर आहे ना?" नुसतं पेसमेकर म्हणून भागत नाही, हे घरच्यांनाही पाठ करून ठेवा. एमआरआय, दाताचं काम, कुठलंही ऑपरेशन, आधी कार्ड. वेल्डिंगच्या दुकानात मी जात नाही, आणि मोठ्या स्पीकरपासून लांब राहतो, कारण त्यात लोहचुंबक असतं.

चार्जिंगचं मात्र सविस्तर सांगतो. बॅटरी दोन प्रकारची मिळते. एक तीन ते पाच वर्षांत संपते, मग छाती उघडून नवी बसवायची. दुसरी चार्ज होणारी, पंधराएक वर्षं चालते. मी दुसरी घेतली. दर रविवारी पट्ट्यानं गोल तबकडी छातीवर बांधून तासभर बसायचं. सोपं आहे, म्हणूनच आळस होतो. गणपतीच्या आधीचा रविवार चुकवला. पुढच्या आठवड्यात पावसात आमच्या भागातली डीपी जळाली आणि तिसऱ्या दिवसापर्यंत लाईट नाही. इन्व्हर्टर बसला, चार्जरही रिकामा.

तिसऱ्या दिवशी पहाटे दूध तापवत होतो. उजव्या हाताची बोटं हलायला लागली. गोळी वळतात तशी, अंगठा आणि दोन बोटं. पाचेक मिनिटांत हात, मग हनुवटी. तासाभरात खांद्यापासून खाली सगळं आखडत गेलं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटले. बारा वर्षांत हळूहळू आलेला रोग त्या दिवशी एका सकाळीत पुन्हा पाहिला. अशा वेळेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली जादाची गोळी बायकोनं दिली. पोरगं धावत चौकात गेलं. गणपती मंडळाचा जनरेटर चालू होता. दोघांनी मला खुर्चीसकट उचलून मंडपाच्या मागच्या बाजूला, स्पीकरच्या बॉक्सपासून लांब नेलं आणि लांब वायरचा बोर्ड ओढून दिला. पुढं आरती चालू, मागं मी शर्ट उघडा टाकून छातीवर तबकडी दाबून. बराच वेळ चार्ज झाल्यावर हँडसेटवरून, म्हणजे मशीनच्या रिमोटवरून, ते चालू केलं. आरती संपायच्या आत हात थांबला. पाय सुटायला दुपार झाली. प्रसाद घेऊन आलेल्या पोरानं विचारलं, "काका, मोबाईल चार्ज करायलात का?"

पैशाचं थोडक्यात. सगळं मिळून साडेतेरा लाख. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ मध्ये नियम केला की डीबीएस पॉलिसीतून वगळायचं नाही, रकमेची मर्यादा मात्र घालता येईल. माझी पॉलिसी कंपनी आधी नाहीच म्हणाली, नियम दाखवल्यावर पाच लाखांवर थांबली. उरलेल्यासाठी बायपासजवळचा प्लॉट गेला.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी हँडसेटमध्ये दोन प्रोग्राम टाकून दिले. ए मध्ये पूर्ण करंट. बी मध्ये डाव्या तारेचा थोडा कमी. डाव्या तारेवर उजवा हात चालतो, आणि माझ्या बोलण्यावर दाबही तिचाच जास्त आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. दिवसभर दुकानात ए. रात्री नऊला पुण्याहून मुलीचा फोन येतो, त्याच्या दहा मिनिटं आधी मी बी लावतो. ती म्हणते, "बाबा, आज आवाज किती मोकळा आहे." तोवर उजव्या हातातला फोन कानावर टकटक आपटायला लागलेला असतो. मी तो डाव्या हातात घेतो आणि तिला काय जेवलीस ते विचारतो.